चाचीच्या स्लॅबवरची हवा

तुमी काय काम करता असं कोन इचारलं की मी आधी म्हनायची, कंपनीत हाय. मग फुडचा प्रश्न, काय बनवता? काय बनवत न्हाई ओ, हवा राखती. शेतात पाखरं दानं टिपाय येत्यात तवा राखनीला बाई बसवत्यात का न्हाई, तसं मला स्लॅबवर बसवत्यात. म्होरं मशीन, मशीन हवा खातंय, आन मी ती बगत बसती. ह्याचा पगार मिळतोय. आमच्या आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, त्येनी पयल्यांदा ऐकलं तवा म्हनल्या, "फुकटच्या हवंला राखन? उद्या उन्हाला बी बाई ठेवतील."

ह्या अंकाच्या ताई म्हनल्या, कामाचं अनुभव लिवा, मोठं सायब लोक लिवत्यात तसं. आता सायब लोक रिटायर हून आरामखुर्चीत बसून लिवत्यात, मी अजून पोरीला मांडीवर घिऊन भात भरवती. शाळा नववीत सुटली. तवा बोलती तसंच लिवती, मला मधी थांबाय येत न्हाई, वाचनाऱ्याला धाप लागली तर त्येनं वाईच पानी प्यावं.

आधी कामाचं सांगती. कुनाला मोठं बांधकाम काडायचं असलं, म्हंजे घर न्हवं, बिल्डिंगींचं गावच, आत पोहायचं तळं, दुकानं, शाळा, तर सरकार म्हनतंय, बाबा, आधी सांग हितली हवा आत्ता कशी हाय. मग तुजी मानसं येनार, गाड्या येनार, जनरेटर धूर वकनार, त्येनं ती आनखी किती नासनार? ही बेरीज बसली तर परवानगी. तर ती पयली हवा, इटा रचायच्या आधीची, ती मोजाय आमी जातो. आमची लॅब सांगलीत हाय. नाव सांगत न्हाई, पगार चालू हाय अजून.

मशीन म्हंजे पत्र्याचं कपाट. चार पाय, डोक्यावर उतरतं छप्पर, देव्हाऱ्यागत. छपराखाली वहीच्या पानाएवढा पांढरा कागद. पोटात पंखा हाय, त्यो दिसभर हवा वडतोय, हवा कागदातनं आरपार जाती आन धूळ कागदावर ऱ्हाती. कागद जायच्या आधी लॅबमधी वाळवून वजन करायचा, आल्यावर परत वाळवून वजन करायचा, वाढलं तेवढी धूळ. झालं. एवढ्याला सायब लोक तासभर विंग्रजी बोलत्यात. बाजूला काचंच्या नळ्या बरफात ठेवल्याल्या असत्यात, त्यात औषीदपानी, गाड्यांचा वायू त्येच्यात उतरतोय. माझं काम म्हंजे कागद चिमट्यानं घालायचा, चिमट्यानं काडायचा, बोट लावायचं न्हाई, लाईट गेली तर येळ लिवून ठेवायची, आन मानसं, कोंबड्या, पोरं, पुढारी, कुनाला मशीनजवळ येऊ द्यायचं न्हाई.

आन मी मुळातली भित्री. मला समद्याचं भ्या. कठडा नसलेल्या स्लॅबचं, लोखंडी शिडीचं, वानराचं, सरांचं, बरफाचा डबा सांडंल ह्येचं. आमचं हे मिल्ट्रीत हायत, तिकडं बरफात बंदूक घिऊन उभं ऱ्हात्यात, फोनवर हसत्यात, "कोमल, तू नुसत्या शिडीला भितीस?" मी म्हनले, "तुमच्या हातात बंदूक हाय, माझ्या हातात चिमटा हाय."

मानसं बी एकेक भेटत्यात. म्हसवडकडं एक आजोबा सायकल ढकलत आलं, म्हनलं, "पोरी, मागल्या चाकात वाईच भर." मी म्हनले, आजोबा, हे हवा भरत न्हाई, वडतंय. तर म्हनलं, "आसं व्हय, मग आमच्या सरपंचाला लाव की." साताऱ्यात एका बाईंनी मशीनच्या छपरावर कुरडया वाळत घातल्या, का तर म्हनं ऊन बी हाय आन खालनं वारं बी लागतंय. कोयनानगरला एका हाटेलाच्या बांधकामापायी गेल्तो, तितली हवा काय सांगू, कागद गेला तसाच पांढरा परत आला. तितं बसल्या बसल्या माझी खुर्चीच हलली, मशीन हललं, मी मशीनला मिठी मारून आई आई करतीय, आन घरमालकीन कपबशी धरून म्हनती कशी, "बस गं, धरनीमाय आळस देतीया. साखर घालू का आनखी?"

पन मला सांगायचं हाय ते हमिदाचाचींचं.

इस्लामपूरच्या बाजूला एका गावाच्या कडंला उसाचं मोठं रान हुतं, ते एका बिल्डरनं घेतल्यालं. तितं मोठ्ठी वसाहत हुनार हुती. सगळ्यात जवळची वस्ती म्हंजे एक गल्ली, आन त्या गल्लीच्या तोंडाला हमिदाचाचींचं घर. वर पक्की स्लॅब, खाली एक शटर. आमचं देसाई सर जागा ठरवाय आलं तवा शुक्रवार हुता. शटर बंद. सरांच्या कानात ती पांढरी बटनं असत्यात, कायम कुनाशीतरी बोलत्यात. स्लॅब बगितली, तीन फेजची लाईट बगितली, खूश. "कोमल, बेस्ट जागा. लाईट जाणार नाही." मी म्हनले, "सर, शेजारीन सांगती, ह्या शटरात डंक हाय, शुक्रवारी चाची बंद ठेवत्यात." सरांनी एक बोट वर केलं, एक मिनिट. ते मिनिट अजून संपलं न्हाई.

आता डंक म्हंजे चटनी कुटायचं मशीन. लोखंडी मुसळं वर-खाली आपटत्यात, ठाक ठाक ठाक, खाली भाजल्याली मिरची, खोबरं, धनं, तीळ. आमच्याकडं उन्हाळ्यात वरीसभराची चटनी कुटून ठेवत्यात, आन आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हनून बाया डंकाम्होरंच पिशव्या धरून बसत्यात, नाकाला पदर, गप्पा चालू, शिंका चालू. जवळ धुराडं नगं, गिरन नगं असा आमच्या कामाचा नेम हाय. आन आमी मशीन बसवलं ते डंकाच्या बरूबर डोक्यावर, मिरचीच्या ऐन हंगामात.

चाचा वारल्यापास्नं डंक चाचीच चालवत्यात. पोरं पुन्याला. पयल्या दिशी माझ्या कडंवर शिवू बगितली, दीड वरसाची, आन ती शिडी बगितली, तशा म्हनल्या, "पोरीला घिऊन वर चढनार? डोकं फिरलंय का? दे हिकडं." तवापास्नं शिवू दिसभर चाचीजवळ. डंकाच्या दारात पोत्यावर बसायची, मुसळं आपटली की टाळ्या पिटायची. माझा जीव भांड्यात पडला. वर मी, खाली माझी पोर, मधी नुसती एक स्लॅब.

पयला कागद काडला तर नारिंगी! म्या चिमट्यातच धरून बगत ऱ्हायले. सर संध्याकाळी न्यायला आलं, जवळ धरून बगाय गेलं आन अशी शिंक आली त्यास्नी, की एका कानातलं बटन उडून खाली बायांच्या पिशवीत पडलं. खालनं एक बाई वराडली, "कुनाचं हाय ओ हे? कुटू का ह्येच्यासंगं?"

सर म्हनलं, "हे काय आहे?" मी म्हनले, "चटनी." मग त्यास्नी उजाडलं. पन रिडिंगा सुरू झाल्याल्या, मशीन हलवायचं तर वरच्या सायबाला सांगावं लागनार, सायब वरडनार. सर म्हनलं, "असू दे. हवा ही हवाच." झालं. कागदामागनं कागद नारिंगी जाऊ लागलं.

सर गेल्यावर मी मातूर घाबरून बसले. वर स्लॅबवर एवढं येतंय, तर खाली दारात किती असंल? शिवूच्या छातीत बरंच दिस झालं शिट्टी वाजत हुती. डॉक्टर म्हनलं, धुळीपास्नं जपा. मी धुळीपास्नं कागद जपत हुते. सरकारच्या हवंला राखन हुती, आन माझी पोर खाली बिनराखनीची. पन सांगू कुनाला? चाचींला म्हनायचं का, तुमच्या डंकानं पोरीला तरास हुतोय? जी बाई एक शब्द न बोलता दिसभर माझं लेकरू सांभाळती, तिला? आन मग शिवूला ठेवू कुटं? मी गप बसले. भ्यालेली बाई गप लय चांगली बसती.

त्यात आला विकीदादा. बिल्डरचा मानूस. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, पांढरी चप्पल, चटनीच्या गल्लीत यायला ह्यो अवतार. सरांनी कुठंतरी आकडा सांगितला असनार, कारन त्यो हसतच आला.

"चाची, तुमचा डंक हवा नासवतोय. मशीननं धरलंय. पंचायतीत अर्ज टाकला की डंक बंद. ह्यो कोपरा आमाला गेटसाठी पायजेच हुता, आता सरळ मार्गानं मिळंल."

चाचींनी मुसळं बंद केली न्हाईत. त्या आवाजातच म्हनल्या, "तुझ्या बारशाच्या मटनाची चटनी हितनं गेल्ती, विकी. तवा न्हाई नासली हवा?"

"तवा मशीन न्हवतं, चाची."

"तवा तू बी शहाना न्हवतास. लय बरं चालल्यालं."

त्यो गेला. पन त्यो गेल्यावर चाची खाली पोत्यावर शिवूच्या शेजारी बसल्या, आन मी शिडीवरनं बगितलं, उखळातली मिरची संपून मुसळं रिकामीच आपटत हुती, त्यांचं ध्यान न्हवतं. ह्यो डंक म्हंजे त्यांचं समदं. मला वर बगून म्हनल्या, "कोमल, तुझ्या मशीनला सांग की गं कायतरी." मला वाटलं तितंच शिडीवर इरघळून जावं.

गल्लीत बातमी फुटली. गल्लीचं म्होरकं म्हंजे सुभेदार तात्या. मिल्ट्रीतनं येऊन लय वरसं झाली, पन अजून सकाळी अंगनात एकटंच सावधान-विश्राम करत्यात. तेवढ्यात वरच्या सायबांचा बी हुकूम आला, आकडा संशयास्पद हाय, एकदा परत मोजा, सर सोता हजर पायजेत आन बिल्डरचा मानूस बी. तारीख ठरली. तात्यांनी देवळाम्होरं गल्ली गोळा केली.

"उद्या मशीन परत हवा खानार. त्येला असली हवा चारायची की ते चाटून पुसून खाईल. धूर बंद! धूळ बंद! शिंक बंद!"

"तात्या, शिंक कशी बंद करायची?"

"नाक दाबून! ऑर्डर हाय!"

आता हे समजून घ्या, आमच्या गावांला स्वच्छता अभियानाची सवय हाय. तपासनीस येनार म्हनलं की गाव रातीत पालटतंय, म्हशी सुद्धा धुतल्याल्या दिसत्यात. तपासायला मानूस येतो का मशीन येतंय, ह्येच्याशी त्यांचं काय देनंघेनं न्हाई. मी म्हनले, "तात्या, आवं, हे इनाम द्यायला येत न्हाई, जसं हाय तसं मोजाय येतंय." तात्या म्हनलं, "पोरी, जसं हाय तसं दावून कुनाचं भलं झालंय?"

त्या दिशी उजाडायच्या आत गल्लीत एवढं पानी मारलं की चिखलात माझी चप्पल रुतली. एका घरात चूल पेटली न्हाई. समद्या गल्लीनं भडंग आन दही खाल्लं, म्हातारी मानसं कुरकुरली, पोरं खूश. मोटरसायकली बंद करून ढकलत रस्त्याला न्यायच्या आन तितं चालू करायच्या. देवळात उदबत्ती न्हाई, दर्ग्यात ऊद न्हाई, पुजारी आन मुजावर दोगं एका कट्ट्यावर बिनकामाचं बसल्यालं. बिडीवाल्यांना उसात धाडलं. उसाचा ट्रॅक्टर आला तर तात्या दोन्ही हात पसरून आडवं, "हॉल्ट!" बिल्डरचा मुरमाचा डंपर आला, त्येला सुद्धा हॉल्ट. डायवर म्हनला, मालक वरडंल. तात्या म्हनलं, "तुझ्या मालकाचंच मोजमाप चाललंय, गप सावलीत झोप." डंकाचं शटर बंद. मिरच्यांच्या पिशव्या घिऊन आलेल्या बाया बाहीर रांगेत मुक्याच बसल्याल्या, कुनाच्या नाकात हुळहुळलं तर शेजारीन नाक धरायची.

कागद घालाय मी वर गेले तर मशीनच्या चारी बाजूंनी दोऱ्या बांधून वली लुगडी वाळत घातल्याली. मधी मशीन, न्हानीत बसल्यागत.

"आगं बयांनो, हे काडा! मशीनला मोकळी हवा लागती!"

"मोकळीच हाय की," एक जन म्हनली, "नुसती धुऊन दिल्याली."

मी हातापाया पडले, कोनी ऐकंना. दुपारी सरांची गाडी रस्त्याला दिसली तशी तात्यांनी शिट्टी मारली, आन डोळ्याचं पातं लवायच्या आत लुगडी गायब, दोऱ्या गायब.

सर वर आलं, विकीदादा मागनं. मी चिमट्यानं कागद काडला. पांढराशुभ्र! कोयनेत सुद्धा एवढा पांढरा न्हवता. सर बगतच ऱ्हायलं. विकीदादा भडकला, "ह्यो काय फ्रॉड हाय? गेल्या येळचा कुटं गेला रंग?" त्येनं तितंच मालकाला फोन लावला, तक्रार कराय. तर फोनमधला आवाज आमाला समद्यांला ऐकू आला, "आरं येड्या, हवा चांगली निघाली म्हंजे परवानगी लौकर! गेट दुसरीकडनं काडू. घे त्यो कागद आन हो म्हन!"

विकीदादाचं तोंड बगायसारखं झालं. मग हळूहळू त्यो बी हसाय लागला. तात्यांचा हात हातात घेतला. "तात्या, आपल्या गावाची हवाच लय भारी." खाली गल्लीला कळलं, बाया टाळ्या वाजवाय लागल्या. चाची शिडीच्या खाली शिवूला कडंवर घिऊन उभ्या हुत्या, वर बगून रडत हुत्या आन हसत हुत्या. समद्यांचं जमलं. चाचींचा डंक वाचला, बिल्डरची परवानगी आली, सरांना लवकर घरी जायला मिळनार. कुनाचं काय बी बिघडलं न्हवतं.

सरांनी नुसतं रीतीपरमानं इचारलं, "कोमल, सगळं व्यवस्थित ना? मशीन मध्ये बंद नव्हतं पडलं?"

हो म्हनायचं हुतं. नुसतं हो. मी खाली बगितलं, तर शिवू चाचींच्या खांद्यावर मान टाकून त्वांडानं श्वास घेत हुती. आन माझ्या त्वांडातनं निघून गेलं,

"सर, मशीन बंद न्हवतं. गल्ली बंद हुती."

मग काय, बांध फुटल्यागत समदं आलं, पानी, भडंग, डंपर, बिड्या, लुगडी, एका दमात. शेवटी म्हनले, "ही हवा आमची न्हाई सर, ही पाव्हन्यांसाठी काडल्याली हाय." टाळ्या थांबल्या. तात्यांनी माझ्याकडं असं बगितलं की मिल्ट्रीत असतं तर गोळीच घातली असती. विकीदादा म्हनला, "हिला कोन इचारलं?" सर म्हनलं, "मी."

चाचींनी शिवूला खाली ठेवलं. शटर धाडदिशी वर केलं, आन वराडल्या, "पाव्हन्यांची हवा नगं ना? मग घ्या आमची!" पयल्या रांगंतल्या बाईची पिशवी उखळात वतली आन खटका दाबला. ठाक ठाक ठाक! समदी गल्ली सकाळपास्नं तुंबवल्याली शिंक एका येळी शिंकली. विकीदादाचा पांढरा शर्ट, तात्यांच्या मिशा, सरांचा चष्मा, कुनाचं काय ऱ्हायलं न्हाई.

आन आवाज ऐकून शिवू आपल्या जागंवर गेली. दारातल्या पोत्यावर. टाळ्या पिटत.

मी ती शिडी बसत बसत, एकेका दांडीला देवाचं नाव घेत उतरायची. त्या दिशी कशी उतरले ते मला आजबी सांगता येत न्हाई. गेले, पोरीला उचलली, त्वांडावर पदर दाबला आन पळत सुटले ती थेट देवळापशी थांबले. मागं वळून बगितलं तर डंक बंद झालता, आन चाची गल्लीच्या मधी उभ्या, लाल झालेल्या, हात तसंच लोंबकळत.

त्या हळूहळू चालत आल्या.

"काय झालं पोरीला?"

"छातीत शिट्टी वाजती, चाची."

"कवापास्नं?"

"लय दिस झालं."

"आन मला आत्ता कळतंय? ते बी पळाल्यावर?"

"भ्या वाटलं."

"कुनाचं?"

"तुमचं."

चाची मटकन कट्ट्यावर बसल्या. "सायबाला भ्याली न्हाईस. बिल्डरला भ्याली न्हाईस. त्या मिशीवाल्याला भ्याली न्हाईस. मला भ्यालीस? मी काय वाघ हाय का गं?" मग शिवूच्या छातीला कान लावला, लय येळ लावून ठेवला. वर बगून म्हनल्या, "शिट्टीच हाय. माझ्या छातीत तर बँड वाजतोय. मला वाटायचं, वय झालं." आन शिवूच्या डोक्यावरनं हात फिरवत ऱ्हायल्या. मी माफी मागायची का त्यांनी, हे दोघींलाबी कळंना, तवा दोघी बी नाक पुसत बसलो. ते तसं बी पुसायचंच हुतं.

सर आलं. कानात एक बी बटन न्हवतं. म्हनलं, "पहिले कागद रद्द, आजचा पण रद्द. जागाच चुकली आहे, मी शुक्रवारी आलो होतो. वरच्यांना मी सांगतो." विकीदादानं लय उड्या मारल्या, त्येला दोन्हीतला कंचा बी कागद चालनार हुता. सर म्हनलं, "मग दोन्ही नाही मिळणार." मला त्या दिसापास्नं सरांचं भ्या जरा कमी वाटतं. जराच.

मशीन गेलं उसाच्या पल्याडच्या एका मास्तरांच्या स्लॅबवर. तितं कागद ना नारिंगी आला ना पांढरा, मातकट आला. मुरमाच्या डंपरांची धूळ, न्हाई तर पेटवलेलं उसाचं पाचट. परवानगी मिळाली, पन रस्त्यावर रोज पानी मारायची अट पडली. आता बिल्डरचा टँकर येतो आन सुभेदार तात्या त्येच्याम्होरं चालत, कुटं कोरडं ऱ्हायलं ते काठीनं दावत जात्यात. तात्या माझ्याशी मातूर उन्हाळाभर बोललं न्हाईत. गल्लीचं भडंग वाया घालवलं म्हनं.

पंचायतीत अर्ज गेला न्हाई. चाचींनी पन आपनहून डंकाला पत्र्याची आडभिंत घातली, वर धूळ वडायचा पंखा बसवला, दाराला वलं पोतं टांगलं. त्या सोता नाकाला चाचांचा जुना रुमाल बांधत्यात. मास्तरांकडं काम चालू हुतं तवर, डंक चालू असला की शिवू माझ्याजवळ त्येंच्या स्लॅबवर, माझ्या कमरंला वढनीनं बांधल्याली. डंक बंद झाला की चाची उसाच्या पल्याड येऊन खालनं हाक मारायच्या, मग ती त्यांची. शिट्टी कमी झाली, समदी गेली न्हाई. डंकानंच वाजत हुती का आनखी कशानं, डॉक्टर नक्की सांगत न्हाईत, मशीन बी सांगत न्हाई. मला आजबी वाटतं, पयला कागद नारिंगी आला त्याच दिशी बोलाय पायजे हुतं. पन बोलायचं भ्या शिडीच्या भ्यापेक्षा मोठं असतंय.

काम संपलं तवा सरांनी मला रिपोर्टातलं चाचींच्या गल्लीबद्दलचं पान दावलं. मी तसंच चाचींला वाचून दावाय गेले. म्हनले, चाची, काळजी नगं, तुमचं नाव कुटं बी न्हाई.

"कुटं बी न्हाई? मग हितं काय लिवलंय?"

मी वाचलं, "परिसरात किरकोळ घरगुती व्यवसाय आढळतात."

चाचींनी खटका बंद केला. नाकावरचा रुमाल खाली वडला.

"किरकोळ?"

"चाची, बरं हाय की, सुटलो आपन."

"किरकोळ! आठ गावच्या लग्नांतल्या रश्श्याला रंग माझ्या हातचा. एका शिंकंत सायबाची बटनं उडीवली, बिल्डरचा शर्ट रंगवला, सगळी गल्ली मिल्ट्रीगत उभी केली, आन किरकोळ?" त्यांनी मुसळावर थाप मारली. "सांग तुझ्या सरास्नी, परत या म्हनावं. आन कागदानं भागायचं न्हाई, चादर घिऊन या."